टर्बो गाडीत बूस्ट गेज : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. त्या जादा दाबाला बूस्ट म्हणतात, आणि तो दाखवणारे मीटर म्हणजे बूस्ट गेज. त्याबद्दल गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेकांनी ‘कोणते गेज घेऊ?’ असे विचारले आहे. पण चांगले गेजही चुकीचे दाखवते, आणि त्याचे कारण बहुधा एकच असते: दाब गेजपर्यंत नेणारी नळी चुकीच्या जागेवरून घेतलेली असते. म्हणून निवडीपेक्षा जोडणीला येथे जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे एक लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. दुकानदार यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक अशी दोन गेज दाखवतो. किमतीत बराच फरक आहे. कोणते घ्यावे? काट्याचे की आकड्यांचे?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : प्रकार नंतर, आधी डायल पाहा. पेट्रोल इंजिनात ऍक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटल (हवेच्या वाटेतली झडप) जवळजवळ बंद होतो आणि इंटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागात, व्हॅक्यूम (बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब) तयार होतो. त्यामुळे तुमच्या गेजला शून्याच्या दोन्ही बाजूंना आकडे हवेत: एकीकडे उणे १ बार, दुसरीकडे २ बार. कंपनीतून आलेल्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाचा बूस्ट साधारण १ बारच्या आसपास असतो, काहींचा दीडच्या जवळ जातो. २ बारचे डायल पुरेसे आहे. ३ बारचे घेतले तर आकडे दाटीने येतात आणि ०.१ बारचा फरक नजरेला कळत नाही. नेमका तोच फरक पाहण्यासाठी तर गेज बसवायचे.

डायलवर पीएसआय असेल तर १४.५ पीएसआय म्हणजे १ बार. काही जपानी गेजांवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर असते, तो आकडा बारच समजावा, फरक दोन टक्क्यांचाच आहे. व्हॅक्यूमची बाजू काही वेळा इंच पाऱ्यात असते. तेथे ३० इंच म्हणजे जवळपास उणे १ बार.

यांत्रिक गेजमध्ये मॅनिफोल्डपासून निघालेली नळी थेट डॅशबोर्डपर्यंत येते. आत पितळेची एक वाकवलेली नळी असते, दाब वाढला की ती उलगडू पाहते आणि काटा फिरतो. वीज लागते ती फक्त दिव्याला. यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते आणि काटा लगेच हलतो. पण पेट्रोलची वाफ असलेली नळी केबिनमध्ये येते. ती गेजच्या मागे सुटली तर वास आत पसरतो आणि आयडलिंगही बिघडते. इलेक्ट्रॉनिक गेजमध्ये दाब मोजणारा सेन्सर बोनेटखालीच राहतो, आत येते ती फक्त वायर.

आमचे मत इलेक्ट्रॉनिकच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. सेन्सरच्या कनेक्टरला रबरी सील असलेच पाहिजे. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत उघड्या पिनांवर पाहता पाहता हिरवट थर चढतो आणि काटा कारण नसताना उड्या मारू लागतो. सील नसलेल्या स्वस्त इलेक्ट्रॉनिकपेक्षा चांगले यांत्रिक केव्हाही बरे.

काटा की आकडे, यावर मात्र दुमत नको. काटा घ्या. गाडी चालवताना काट्याची दिशा नजरेच्या कोपऱ्यातूनही कळते, आकडा वाचायला रस्त्यावरून डोळे काढावे लागतात. आकार ५२ मिलिमीटरचा घ्यावा, कारण बहुतेक होल्डर त्याच मापाचे मिळतात. दुकानातच खोके उघडून सेन्सर, त्याची वायर, नळी, टी (नळीला फाटा काढणारा तीन तोंडांचा जोड) आणि वायरिंगचा कागद आहे ना ते पाहा. एका कंपनीचा सेन्सर दुसऱ्या कंपनीच्या गेजला लावू नका. प्लग बसला तरी व्होल्टेजचे प्रमाण वेगळे असते आणि गेज खोटे दाखवते.

प्रश्न : टर्बो पेट्रोल सेडानमध्ये गेज स्वतः बसवायचे आहे. नळीला टी नेमका कुठे घालायचा? एक मेकॅनिक ब्रेकच्या व्हॅक्यूम पाइपवर घाल म्हणतो, दुसरा टर्बोच्या ऍक्च्युएटरच्या नळीवर.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : दोन्ही नको. नियम एकच आहे: थ्रॉटलच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, थेट मॅनिफोल्डमध्ये उघडणारी आणि वाटेत कोणतीही झडप नसलेली जागा.

ऍक्च्युएटर वेस्टगेट हलवतो, आणि वेस्टगेट म्हणजे एक्झॉस्टचा जादा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारे दार. ऍक्च्युएटरच्या नळीवर टी घातला तर बहुतेक गाड्यांत बूस्ट खऱ्यापेक्षा कमी दिसतो. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, एका सोलेनॉइडने (विजेवरच्या झडपेने) त्या नळीतला दाब सतत सोडत असतो, म्हणून तेथे मॅनिफोल्डचा दाब मिळतच नाही. शिवाय त्या नळीला गळती लागली तर वेस्टगेट वेळेवर उघडत नाही आणि बूस्ट मर्यादेबाहेर जातो. ब्रेकच्या पाइपमध्ये एकदिशा झडप असते. तिच्या ब्रेककडच्या बाजूला टी घातला तर काटा व्हॅक्यूमवरच अडकून राहतो. मॅनिफोल्डकडच्या बाजूला वाचन बरोबर येईल, पण त्या पाइपची गळती म्हणजे दगडासारखे घट्ट झालेले ब्रेक पॅडल. गेजसाठी ही जोखीम घेऊ नये.

आणखी एक फसवी जागा आहे. पेट्रोल टाकीची वाफ मॅनिफोल्डमध्ये नेणारी पर्जची नळी अगदी हाताशी असते, म्हणून अनेक जण तीच कापतात. टर्बो गाडीत बूस्टची हवा उलटी टाकीकडे जाऊ नये म्हणून तिच्यात झडप असते. मग आयडलिंगला व्हॅक्यूम छान दिसतो, पण रेस दिली की काटा शून्यावर येऊन थांबतो. ‘व्हॅक्यूम दाखवते, बूस्ट दाखवत नाही’ अशी तक्रार आली की आधी ही नळी पाहावी.

योग्य जागा दोन. डंप व्हॉल्व्ह (पाय काढताच थ्रॉटलआधी अडलेली हवा सोडणारी झडप) व्हॅक्यूमवर चालत असेल तर त्याची मॅनिफोल्डकडून येणारी बारीक नळी उत्तम. बऱ्याच नव्या इंजिनांत तो विजेवर चालतो, तेथे ही नळीच नसते. अशा गाडीत मॅप सेन्सरखाली (हवेचा दाब मोजून ईसीयूला कळवणाऱ्या सेन्सरखाली) बसणारी अडॅप्टर प्लेट घ्यावी. सेन्सरचे स्क्रू काढायचे, प्लेट मध्ये घालायची, तिचा ओ-रिंग (रबरी कडे) आणि सोबत आलेले लांब स्क्रू वापरून सेन्सर पुन्हा बसवायचा. प्लेटला बाजूने नळीचे टोक असते. कंपनीची एकही नळी कापावी लागत नाही, हा मोठा फायदा. मात्र अनेक टर्बो गाड्यांत असे दोन सेन्सर असतात, एक थ्रॉटलच्या आधी इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपवर आणि दुसरा मॅनिफोल्डवर. प्लेट मॅनिफोल्डवरच्या सेन्सरखालीच जायला हवी. पहिल्याखाली घातली तर व्हॅक्यूम कधीच दिसणार नाही. मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा असतो. स्क्रू साध्या स्क्रू-ड्रायव्हरने हाताने आवळा, जोर लावला की आटे जातात.

नळी कापून टी घालायचाच असेल तर इंजिन पूर्ण थंड असताना काम करा. नळीचा आतला व्यास मोजून त्याच मापाचा टी घ्या. मूळ नळी ६ मिलिमीटरची आणि गेजची ४ मिलिमीटरची असेल तर ६-४-६ असा टी मिळतो. मोठा टी बळेच घातला की रबर काही महिन्यांत कडेला चिरते. नवे पाते वापरून सरळ काप घ्या आणि टीच्या खाचा पूर्ण झाकल्या जातील इतकी नळी आत सरकवा. ती घट्ट असेल तर टोक कोमट पाण्यात धरा, तेल लावू नका, तेलावर नळी नंतर निसटते. टीच्या तिन्ही टोकांना क्लॅम्प हवेत. कडक नायलॉनचा पाइप असेल तर तो कापून टी बसत नाही, तेथे अडॅप्टर प्लेटच घ्यावी.

गेजकडे जाणाऱ्या नळीत, टीच्या अगदी जवळ, १ मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर घाला. आयडलिंगला काट्याची थरथर थांबते, आणि पुढे नळी फाटलीच तर गळती तेवढ्या भोकापुरतीच राहते. नळी टर्बो आणि एक्झॉस्टपासून किमान वीतभर लांबून न्या. इंजिन रेस देताना हलते, म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये नळीला थोडी ढील ठेवा. सेन्सर बॉडीवर, टीपेक्षा उंच आणि तोंड खाली करून लावा, म्हणजे नळीत साचलेले पेट्रोल किंवा पाणी उतरून परत मॅनिफोल्डमध्ये जाते, सेन्सरमध्ये साचत नाही.

आता वायर. फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, भोक पाडू नका. मुख्य वायरिंग आत येते त्या भोकाच्या रबरी बुचातून, ग्रोमेटमधून, कडक तार आत सरकवा आणि तिला वायर बांधून ओढून घ्या. ग्रोमेटमध्ये शिरण्याआधी वायरला खाली एक झोल द्या. पावसाचे पाणी वायरवरून ओघळत आले तरी झोलाच्या तळाशी टपकून जाईल. झोल नसेल तर तेच पाणी थेट तुमच्या पायाखालच्या गालिच्यात उतरते. ग्रोमेट बंद करायला सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे घेऊ नका, ते तांबे खाते.

गेजला साधारण चार वायर असतात: कायमचा १२ व्होल्ट, चावीबरोबर येणारा १२ व्होल्ट, अर्थ आणि दिव्याची. रंग कंपनीगणिक बदलतात, सोबतचा कागद वाचूनच जोडा. आधी बॅटरीचे उणे टोक काढा. चावीचा पुरवठा फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर देणाऱ्या जोडाने) घ्या, २ अँपिअरचा फ्यूज पुरतो. एअरबॅग, एबीएस आणि ईसीयूच्या फ्यूजला हात लावू नका. दिव्याची वायर डॅशबोर्डच्या दिव्यांना जोडल्यावर गेज लुकलुकत असेल तर त्या गाडीतले दिवे स्पंदनांनी मंद केले जातात. अशा वेळी ती वायर पार्किंग लाइटच्या पुरवठ्यावर न्यावी. वायर चिमटून जोडणारे निळे-लाल प्लॅस्टिकचे जोड दमट हवेत टिकत नाहीत. वायर झाळा किंवा क्रिम्प करा आणि वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. अर्थसाठी रिंग टर्मिनल वापरून कंपनीच्याच अर्थच्या बोल्टखाली घ्या.

जोडणी झाल्यावर चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. काटा शून्यावर हवा. इंजिन सुरू करून गरम होऊ द्या. आयडलिंगला उणे ०.६ ते उणे ०.७ बार यावे. एसी लावला की तो किंचित शून्याकडे सरकतो. चालत्या गाडीत गिअरमध्ये पाय सोडला की उणे ०.८ च्या आसपास जातो. हे तिन्ही आकडे लिहून ठेवा, पुढे कामाला येतात.

प्रश्न : माझ्या डिझेल एसयूव्हीत गॅरेजवाल्याने बूस्ट गेज बसवून दिले. इंजिन सुरू होताच काटा उणे ०.८ वर जातो आणि कितीही रेस दिली तरी तिथेच राहतो. गेज बदलून घेतले, तरी तसेच. सेन्सर सदोष आहे का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : गेज आणि सेन्सर दोन्ही ठीक असावेत. टी व्हॅक्यूम पंपाच्या नळीवर बसला आहे. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून ब्रेक सर्व्होसाठी (पॅडलच्या दाबाला जोर देणाऱ्या भागासाठी) वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. त्याच पंपावर बऱ्याच गाड्यांत टर्बोच्या हलत्या पात्यांचा ऍक्च्युएटरही चालतो. तुमचे गेज त्या पंपाचा व्हॅक्यूम प्रामाणिकपणे दाखवत आहे.

हा टी लगेच काढून घ्या आणि त्या जागी अखंड नवी नळी घाला. तेथे गळती झाली तर ब्रेकचे पॅडल जड होते, आणि पाती नीट हलत नसल्यामुळे गाडी खेचत नाही, ते वेगळेच. डिझेलमध्ये गेजची नळी इंटरकूलरच्या पुढच्या, थंड बाजूच्या पाइपवरून घ्यावी किंवा तेथील मॅप सेन्सरखाली अडॅप्टर प्लेट घालावी. ईजीआरची, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवणाऱ्या यंत्रणेची, हवा जेथे मिसळते त्याच्या आधीची जागा निवडा. ईजीआरनंतर पाइपमध्ये काजळी आणि तेलाचा चिकट थर असतो, तो बारीक नळी बुजवतो. मग काटा आधी सुस्तावतो आणि शेवटी हलायचाच थांबतो. नळीचे टोक पाइपच्या वरच्या अंगाला ठेवा, खालच्या अंगाला तेल साचते.

पाइपला भोक पाडून टोक बसवायचे असेल तर पाइप गाडीतून काढूनच ड्रिल करा. गाडीवर असताना ड्रिल केले तर धातूचा कीस सरळ इंजिनात जातो. रबरी होजला भोक पाडू नका, धातूच्या भागातच आटे पाडून टोक बसवा.

बरोबर जोडल्यावर डिझेलमध्ये आयडलिंगला काटा शून्यावरच राहील. तो बिघाड नाही. म्हणून डिझेलसाठी व्हॅक्यूमची बाजू नसलेले, ० ते २ किंवा ० ते ३ बारचे डायल घेतले तर सगळी जागा कामी येते.

प्रश्न : ओबीडी पोर्टमध्ये (गाडीच्या संगणकाची माहिती देणाऱ्या सॉकेटमध्ये) ब्लूटूथ डोंगल लावून मोबाइलवर बूस्ट दिसतो, असे ऐकले. मग एवढी खटपट कशाला?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : अनेक पेट्रोल गाड्यांसाठी हा रास्त पर्याय आहे. पण तीन गोष्टी जाणून घ्या. पहिली, गाडी देते तो मॅनिफोल्डचा निरपेक्ष, म्हणजे हवेच्या दाबासकट एकूण, दाब, किलोपास्कलमध्ये (१०० किलोपास्कल म्हणजे १ बार). त्यातून हवेचा दाब वजा करावा लागतो. १९० दिसत असेल तर पणजीत, समुद्रसपाटीला, बूस्ट साधारण ०.९ बार. ऍपमध्ये ही वजाबाकी नीट होते का, ते इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून पाहा: बूस्ट शून्य यायला हवा. दुसरी, ओबीडीचा हा नेहमीचा आकडा २५५ किलोपास्कलपर्यंतच जातो, म्हणजे बूस्ट दीड बारच्या थोडा वर गेला की तो तेथेच थांबतो. बऱ्याच डिझेल गाड्या त्याच्याही वर जातात, आणि मालकाला वाटते टर्बो तेवढाच देतो. तिसरी, आकडा सेकंदाला मोजक्या वेळाच बदलतो, त्यात क्षणभराची उसळी दिसत नाही.

महिन्यातून एकदा तपासायचे असेल तर डोंगल पुरते. काम झाले की काढून ठेवा, लावून ठेवलेले डोंगल उभ्या गाडीची बॅटरी पीत राहते.

प्रश्न : डिचोलीहून बेळगावला जाताना चोर्ला घाटाच्या माथ्यावर माझे गेज नेहमीपेक्षा ०.१ बार जास्त बूस्ट दाखवते. टर्बोवर ताण येतो आहे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : हे अपेक्षितच आहे. चोर्ल्याचा माथा सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब १.०१ बार असतो, तो तेथे ०.९२ च्या आसपास उतरतो. आजच्या गाडीचा ईसीयू मॅनिफोल्डमधला एकूण दाब पाहतो. त्याला एकूण २ बार हवे असतील तर खाली टर्बोला १ बारची भर घालावी लागते, माथ्यावर १.०८ ची. तुमचे गेज आजूबाजूच्या हवेच्या वरचा दाब दाखवते, म्हणून काटा तेवढा पुढे जातो. टर्बो थोडा जास्त फिरतो हे खरे, पण कंपनीने त्याची सोय ठेवलेली असते.

जुन्या, नुसत्या स्प्रिंगच्या वेस्टगेटवाल्या गाडीत उलटे घडते. तेथे गेज घाटातही तोच आकडा दाखवते, पण एकूण दाब कमी झालेला असतो आणि गाडी किंचित मंद वाटते.

एक तपासणी मात्र करा. माथ्यावर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि फक्त चावी चालू ठेवा. काटा शून्यावर असेल तर वरचे सगळे लागू. उणे ०.१ दाखवत असेल तर तुमचा सेन्सर निरपेक्ष दाबाचा आहे आणि उंचीची दुरुस्ती करत नाही. मग माथ्यावर दिसणाऱ्या आकड्यात ०.१ मिळवावे लागेल. एप्रिल-मे महिन्यांत चढणीला बूस्ट कमी दिसला तर घाबरू नका. आत येणारी हवा फार तापली की ईसीयू इंजिन वाचवण्यासाठी बूस्ट स्वतःच उतरवतो.

प्रश्न : गेज विंडस्क्रीनच्या कडेच्या खांबावर बसवू की एसीच्या जाळीत? वाहतूक खाते किंवा कंपनी हरकत घेईल का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : खांबाच्या प्लॅस्टिकवर एअरबॅग असे लिहिलेले असेल तर तेथे काहीही लावू नका, चिकटवूही नका. पडद्यासारखी एअरबॅग त्याच कडेतून उघडते, आणि गेज डोक्याच्या दिशेने फेकले जाऊ शकते.

एसीच्या जाळीतले होल्डर दिसायला नीटनेटके असतात, पण गोव्यात त्यांचा एक त्रास आहे. गेजच्या पाठीवर सतत थंड हवा येते, पुढे केबिनची दमट हवा असते, आणि काचेच्या आत धुके धरते. तेथेच लावायचे असेल तर त्या जाळीची हवा बंद करता येते का, ते आधी पाहा. आमच्या मते स्टिअरिंग कॉलमच्या वरची जागा सर्वांत चांगली. गेज स्पीडोमीटरला झाकता कामा नये आणि स्टिअरिंग वर-खाली करताना वायर ओढली जाऊ नये. डॅशबोर्डच्या माथ्यावर ऊन थेट पडते, साधी दुहेरी टेप उन्हाळ्यात सुटते. मोटारीसाठीची फोमची ऍक्रिलिक टेप घ्या आणि चिकटवण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डॅशबोर्ड पॉलिशचा थर राहिला तर कोणतीही टेप धरत नाही.

कायद्याची बाजू अशी: मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी पुस्तिकेतला तपशील बदलेल अशा फेरफारांबद्दल आहे. गेजमुळे तो बदलत नाही. समोरची दृष्टी अडता कामा नये, एवढे मात्र पाहा. वॉरंटीतल्या गाडीत कंपनीची वायर किंवा नळी कापू नका. फ्यूज टॅप आणि अडॅप्टर प्लेट वापरली तर सगळे मागे घेता येते.

प्रश्न : पावसाळ्याआधी तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली की बूस्ट १ बार यायचा. आता ०.७ वर थांबतो आणि बोनेटखालून फुस्स आवाज येतो. गाडी पेट्रोल आहे. गेज बिघडले की टर्बो?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : आवाज येतो म्हणजे बहुधा हवा गळते आहे, टर्बोला इतक्यात दोष देऊ नका. आयडलिंगचा व्हॅक्यूम आधीइतकाच आहे का, हे सांगितले असते तर अर्धे निदान येथेच झाले असते.

व्हॅक्यूम पूर्वीसारखाच आणि फक्त बूस्ट कमी, तर गळती थ्रॉटलच्या आधी आहे: टर्बो ते इंटरकूलर किंवा इंटरकूलर ते थ्रॉटल. सैल क्लॅम्प, होजची आतून उललेली कड, दगड लागलेला इंटरकूलर, या क्रमाने पाहा. व्हॅक्यूमही घटला असेल, उणे ०.६५ चा उणे ०.५ झाला असेल, तर गळती थ्रॉटलनंतर आहे, आणि तेथे पहिला संशयित तुमचा स्वतःचा टी. गेजची नळी टीपासून काढून ते टोक रबरी टोपीने घट्ट बंद करा. आयडलिंग सुधारले तर गळती गेजच्या नळीत. पावसाळ्यात उंदीर उबेला बोनेटखाली शिरतात आणि नळी, वायर दोन्ही कुरतडतात. दातांच्या खुणा बहुधा ग्रोमेटजवळ किंवा बॅटरीच्या मागे सापडतात.

साबणाचे पाणी लावून शोधणार असाल तर ते इंजिन चालू ठेवून आयडलिंगला करू नका. त्या वेळी मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, बुडबुडा येणार कुठून? इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडाशी टोपी लावून ०.५ बारपर्यंत हवा भरायची आणि मग सांध्यांवर साबण लावायचा. हे काम रेग्युलेटर असलेल्या कॉम्प्रेसरवरच करून घ्या, टायरची हवा थेट सोडली तर सील फाटतात. हे करण्याआधी एअर फिल्टरही उघडून पाहा. पाण्यातून गाडी नेली असेल तर तो भिजून जड झालेला असतो, आणि नुसत्या त्यानेही बूस्ट उतरतो.

चाचणी घेताना काटा शेजारी बसलेल्याने वाचावा. सत्तरी तालुक्यातल्या वळणांवर चालकाने गेजकडे पाहू नये.

प्रश्न : गेजवर २ बारपर्यंत जागा आहे, माझी गाडी १ बारच देते. मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर लावून थोडा वाढवला तर?
— एक वाचक, वास्को

उत्तर : करू नका. डायलवरची जागा इंजिनाची क्षमता सांगत नाही. हवा वाढली की इंधन आणि ठिणगीची वेळही त्या प्रमाणात बदलावी लागते, कंट्रोलर म्हणजे ऍक्च्युएटरकडे जाणारा दाब कमी करणारी हाताने फिरवायची झडप, ती यातले काहीच करत नाही. नशीब चांगले असेल तर ईसीयू जादा दाब ओळखून इंधन तोडतो आणि गाडी झटका देते. नसेल तर नॉकिंगने (इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांनी) पिस्टनच्या कडा तुटतात.

प्रश्न : गाडी विकायची आहे. गेज काढून घेताना काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, कुडचडे

उत्तर : अडॅप्टर प्लेट असेल तर ती काढून सेन्सर मूळ जागी, नवा ओ-रिंग आणि कंपनीचे मूळ आखूड स्क्रू घालून बसवा. प्लेटचे लांब स्क्रू तसेच घातले तर ते तळाला टेकतात, सेन्सर घट्ट बसल्यासारखा वाटतो पण कडेने हवा ओढतो. टी असेल तर टोक टोपीने बंद करून सोडू नका, टोपी उष्णतेने काही महिन्यांत तडकते. त्या जागी एक अखंड नळी घाला, मापाची नळी मीटरवर विकत मिळते, फक्त ती पेट्रोलला टिकणारी आहे ना ते विचारून घ्या. फ्यूज टॅप काढल्यावर मूळ फ्यूज त्याच अँपिअरचा परत लावा आणि ग्रोमेटमधले वायरचे भोक बुजवा.